पुस्तकाला परीक्षेतून सोडवा: शाळकरी मुलांना वाचनाची गोडी कशी लागते

‘आमचा मुलगा अजिबात वाचत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या पालकांना मी उलट विचारते, की त्याने स्वतः निवडलेलं शेवटचं पुस्तक कोणतं? बहुतेकांना उत्तर देता येत नाही. घरात पुस्तकं असतात. वाढदिवसाला आलेली, शाळेच्या यादीतली, थोरामोठ्यांची चरित्रं, सामान्यज्ञानाचे ठोकळे. आणि त्यातलं एखादं वाचून झालं की ‘काय शिकलास, सांग बघू’ हा प्रश्न ठरलेला.

भांडुपला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात शनिवारी संध्याकाळी मुलांसाठी पुस्तकं मांडून बसते, तेव्हापासून माझं एक मत पक्कं होत गेलंय. मुलांना कंटाळा येतो तो पुस्तकामागून येणाऱ्या परीक्षेचा. ती परीक्षा काढून टाकली, की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे जागा, वेळ, पुस्तकं आणि सोबत यांची जुळवाजुळव. मुंबईत ती कशी करायची ते इथे सांगते. साधारण पहिली ते आठवीची मुलं डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

पहिली पायरी: येत नाही की आवडत नाही, हे आधी ओळखा

‘वाचत नाही’ या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि दोन्हींवर उपाय वेगळे आहेत. मुलाला त्याच्या इयत्तेच्या मानाने सोप्या गोष्टीचं एक पान द्या आणि शेजारी बसून मोठ्याने वाचायला सांगा. मध्ये टोकू नका, फक्त ऐका. शब्दागणिक अडखळत असेल, वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरत असेल, तर त्याला वाचायचे कष्ट पडताहेत. अशा मुलाला ‘गोडी’ लावायला जाऊ नका, आधी कष्ट कमी करा.

मुंबईत हा प्रकार फार दिसतो, कारण घरी मराठी आणि शाळा इंग्रजी. मूल मराठी अस्खलित बोलतं, पण छापील मराठी समोर आलं की थांबतं. बहुतेक वेळा गाडी अडते ती जोडाक्षरांवर, आणि त्यातही ‘र’वर. ‘कर्म’मधला र डोक्यावर, ‘क्रम’मधला पायाशी, ‘ट्रक’मधला आणखी वेगळा, ‘दुसऱ्या’मधला चौथाच. एका अक्षराची इतकी सोंगं आपण लहानपणी कधी पचवली ते आपल्याला आठवतही नाही, म्हणून मुलावर चिडायला होतं.

यावर सरावाची वही काढू नका. बाहेर पडा. २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर सगळ्याच दुकानांना देवनागरी पाटी सक्तीची झाली. त्यामुळे कोणत्याही स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर ‘इलेक्ट्रिकल्स’, ‘ड्रायफ्रूट्स’, ‘कॉस्मेटिक्स’, ‘ट्रॅव्हल्स’, ‘सर्व्हिस सेंटर’ असे शब्द ओळीने वाचायला मिळतात. गंमत अशी, की इंग्रजी माध्यमाच्या मुलाला हे शब्द आधीच माहीत असतात. अर्थ शोधायची मेहनत वाचते आणि सगळं लक्ष अक्षरांवर राहतं. जोडाक्षरांसाठी याहून चांगलं साहित्य मला पुस्तकांतही सापडलेलं नाही. पश्चिम रेल्वेच्या धीम्या लोकलने चर्चगेटहून दादरला जा. चर्चगेट, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, प्रभादेवी एवढ्यात ‘र’ची तीन रूपं भेटतात, वर महालक्ष्मीचा ‘क्ष्मी’. पुढचं स्टेशन कोण आधी वाचतं, एवढा खेळ पुरतो. लहान मुलांना बेस्टच्या बसवरचे मराठी आकडे वाचायला द्या. बस आपली आहे की नाही हे त्यांनी ठरवायचं, आपण फक्त हात दाखवायचा.

काही मुलांचं अडखळणं मात्र सरावाने कमी होत नाही. अक्षरं उलटसुलट होतात, बोलण्यात हुशार असलेलं मूल वाचताना हताश होतं, लिहिणं टाळतं. दुसरी-तिसरीनंतरही असं चालू राहिलं तर त्याला आळशी म्हणू नका, अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ती होते. तिथल्या प्रमाणपत्रावर पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलतीही मिळतात. अशा मुलांना ऐकण्यातून गोष्टींची गोडी उत्तम लागते, त्यामुळे पुढची पायरी त्यांच्यासाठी दुप्पट महत्त्वाची.

दुसरी पायरी: वाचून दाखवा, आणि लवकर थांबवू नका

मूल स्वतः वाचायला लागलं, की घरातलं वाचून दाखवणं बंद होतं. इथेच माशी शिंकते. दुसरीतलं मूल स्वतः जे वाचू शकतं त्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची गोष्ट ते ऐकून समजू शकतं. स्वतः वाचायच्या पुस्तकात ‘कमल, घर बघ’ आणि डोक्यात मात्र चोर, भुतं, डायनासोर! ही दरी तुमच्या आवाजाने भरून काढायची असते. सहावी-सातवीपर्यंत वाचून दाखवलं तरी हरकत नाही. मोठी मुलं आधी ‘मी काय बाळ आहे का’ म्हणतात, मग पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकतात.

कसं वाचायचं? रोज दहा-पंधरा मिनिटं, ठरावीक वेळी, आणि शक्यतो झोपण्याआधी. पुस्तक आधी स्वतः चाळून ठेवा, म्हणजे कुठे वेग घ्यायचा, कुठे आवाज उतरवायचा ते कळतं. नाटकी आवाज काढता येत नसतील तर काढू नका, संथ आणि स्पष्ट वाचलं तरी पुरे. कठीण शब्द आला की लगेच अर्थ सांगत बसू नका. संदर्भाने कळतो, नाही कळला तर मूल विचारतं. वर्णन लांबलं तर दोन ओळी गाळा, कुणी पकडायला येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रकरण संपल्यावर थांबायचं नाही. दार उघडलं, आत कुणीतरी उभं आहे, एवढ्यावर पुस्तक मिटा. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मुलाच्या उशाशी सापडलं तर काही बोलू नका.

‘आम्ही घरी येतो नऊला, कल्याण लोकलमध्ये चेंगरून’ ही अडचण खरी आहे. मग हे काम वाटून घ्या. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना चष्मा आणि पुस्तक द्या. नसतील तर आई-बाबांनी जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटांचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून पाठवावं. आवाज आपल्या माणसाचा असला की मुलं तेच तेच पुन्हा ऐकतात. ताई-दादाने धाकट्याला वाचून दाखवणं हा तर दुहेरी फायदा, कारण अडखळत वाचणाऱ्या पाचवीतल्या मुलालाही पहिलीतल्या भावासमोर लाज वाटत नाही.

अडखळणाऱ्या मुलासोबत एक परिच्छेद तुम्ही, एक त्याने असं वाचा. तो अडला तर तीन-चार सेकंद थांबा, मग शब्द सांगून पुढे चला. ‘नीट बघ, काय लिहिलंय?’ हे वाक्य त्या वेळेपुरतं विसरा.

तिसरी पायरी: पुस्तक हाताला लागलं पाहिजे

वन रूम किचनमध्ये वाचनाचा कोपरा कुठून आणायचा? आणूच नका. पुस्तकांची फक्त पाठ दिसणारी उभी रचना मुलांच्या उपयोगाची नाही, त्यांना मुखपृष्ठ दिसायला हवं. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत नायलॉनची दोरी बांधा आणि पातळ पुस्तकं मधोमध उघडून तिच्यावर टाका. भाजीची जाळीदार प्लॅस्टिकची टोपली पलंगाखाली सरकते. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात एक, आईच्या पर्समध्ये एक. दवाखान्याच्या रांगेत, क्लास सुटायची वाट बघताना, लग्नाच्या हॉलमध्ये तीच कामी येतात. एका वेळी आठ-दहाच बाहेर ठेवा आणि पंधरवड्याने बदला. काचेच्या कपाटात कुलपात ठेवलेली पुस्तकं पाहुण्यांसाठी असतात.

पावसाळ्यात मुंबईत कागदाला बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीला लागून पुस्तकं ठेवू नका, ओल तिथूनच येते. ऊन पडलं की पानं उघडून पंख्याखाली ठेवा. लहान मुलं हाताळणार असतील तर डांबरगोळ्या टाळा, त्या विषारी असतात. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्याही चिमुरड्यांच्या हाती लागू देऊ नका.

चौथी पायरी: पुस्तकं कुठून आणायची

विकत घेणं हा शेवटचा पर्याय ठेवा. आधी वाचनालय. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८पासून आहे, दादर सार्वजनिक वाचनालय १९०७पासून, पार्ल्यात लोकमान्य सेवा संघाचं ग्रंथालय आहे. तुमच्या भागातही एखादं जुनं वाचनालय मंडळाच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर असण्याची शक्यता पुष्कळ आहे. नाव नोंदवण्याआधी मुलाला घेऊन जा आणि तीन गोष्टी बघा: बालविभागाची पुस्तकं मुलाच्या उंचीला आहेत का, मुलाला स्वतः हात लावू देतात का, आणि वेळ शाळा-क्लासच्या वेळेशी जुळते का. खुर्चीवरून ‘काय पाहिजे?’ असं विचारून कपाटातून पुस्तक काढून देणाऱ्या ठिकाणी मूल दुसऱ्यांदा जायला तयार होत नाही. वर्गणी मुलाच्या नावाने भरा, कार्ड त्याच्याकडेच राहू द्या.

फुकटातलं सोनं म्हणजे बालभारतीचं ‘किशोर’ मासिक. १९७१पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत खुले केले आहेत. आजी-आजोबांनी नाही, पण आई-बाबांनी लहानपणी वाचलेला अंक मुलासोबत पुन्हा उघडायला मजा येते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रगोष्टी मोफत आहेत आणि त्या पातळ्यांनुसार लावलेल्या आहेत. वाचायला नुकत्याच लागलेल्या मुलासाठी पहिल्या पातळीच्या दोन-चार गोष्टी छापून स्टेपल करा. ‘मी अख्खं पुस्तक वाचलं’ म्हणण्याची सोय होते, आणि त्या वयात तेवढं पुरतं.

जुनी पुस्तकं हवी असतील तर हुतात्मा चौकाच्या आसपास आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी फुटपाथवर मिळतात. इंग्रजीच जास्त, पण मुलाच्या हातात शंभर रुपये देऊन ‘यात बसेल ते घे’ म्हणा. हिशेब, घासाघीस आणि निवड तिन्ही होतं. रद्दीवाल्याशीही ओळख ठेवा. दिवाळीनंतर बालदिवाळी अंक त्याच्याकडे येतात आणि किलोच्या भावाने मिळतात.

पाचवी पायरी: निवड त्याची, सोडून द्यायचा हक्कही त्याचा

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. आपण घरात ‘त्याचं’ या जागी ‘आम्हाला बरं वाटेल ते’ असं वाचतो. क्रिकेटपटूंची माहिती, कॉमिक्स, चुटके, भुताच्या गोष्टी, विक्रमांची पुस्तकं, गाडीच्या इंजिनाचं सचित्र पुस्तक, सगळं वाचनच आहे. कोणत्या भाषेत यावरही भांडण नको. मूल इंग्रजीत रमत असेल तर रमू द्या, वाचून दाखवण्याचा वेळ मराठीसाठी ठेवा. मराठी टिकवण्याची सगळी जबाबदारी आठ वर्षांच्या पोरावर टाकली तर ते मराठीलाच कंटाळेल.

पुस्तक झेपेल का हे मुलाला स्वतःला कळावं म्हणून एक जुनी युक्ती आहे. मधलंच एखादं पान वाचायचं आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. मूठ बंद झाली तर पुस्तक आत्ता कठीण आहे, किंवा मोठ्यांनी वाचून दाखवायचं आहे. पण त्याला ते हवंच असेल तर देऊन टाका. डायनासोरवेडी मुलं भलीमोठी नावं घोकतात आणि तेव्हा कुठलीच बोटं आड येत नाहीत.

अर्धवट सोडलेलं पुस्तक हा गुन्हा नाही. आमच्याकडे ‘वीस पानं वाच, मग हवं तर परत दे’ एवढाच नियम आहे. तेच पुस्तक पाचव्यांदा मागणाऱ्या मुलालाही अडवू नका. एकाच नायकाच्या मालिका सवय लावायला सर्वांत उपयोगी पडतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एकदा हाती लागला, की पुढचं पुस्तक कोणतं हा प्रश्न काही महिने तरी पडत नाही.

सहावी पायरी: तात्पर्य, प्रश्नोत्तरं आणि बक्षिसं बंद

सगळ्यात अवघड पायरी हीच, कारण ती आपल्याला पाळायची आहे. पुस्तक मिटल्या मिटल्या ‘तात्पर्य काय?’ विचारलं, की गोष्ट धडा होते. त्याऐवजी स्वतःचं बोला. ‘मला तो मामा जरा चालूच वाटला’ असं म्हणा आणि गप्प बसा. मूल वाद घालायला येईल. किंवा ‘पुढे काय होईल असं वाटतं?’ असं विचारा, ज्याला चुकीचं उत्तरच नसतं. काही वेळा मूल काहीच बोलणार नाही. तेही चालतं.

पुस्तकामागे दहा रुपये, दहा पुस्तकांवर व्हिडिओ गेम अशी बोली लावणारे पालक भेटतात. १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत एक प्रयोग केला. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना ‘काढलंत तर प्रशस्तिपत्र देऊ’ असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात, बक्षीस नसताना, याच मुलांनी चित्रं काढण्यात इतरांच्या साधारण निम्मा वेळ घालवला. वाचनाचं वेगळं काही होत नाही. मूल सर्वांत पातळ पुस्तक शोधतं आणि बक्षीस संपलं की थांबतं. फार वाटलंच तर बक्षीस म्हणून आणखी एक पुस्तक, किंवा दिवा अर्धा तास उशिरा मालवण्याची परवानगी द्या. ही परवानगी रोकड पैशांपेक्षा जास्त चालते!

शाळेत

शिक्षकांसाठी थोडक्यात. पट मोठा, अभ्यासक्रम मोठा, हे मान्य. तरी दिवसातली पहिली पंधरा मिनिटं मोकळ्या वाचनाची ठेवता येतात. अट एकच, की त्या वेळात बाईही स्वतःचं पुस्तक वाचतील, वह्या तपासणार नाहीत. वर्गाच्या पेटीला कुलूप नको. देवघेवीची नोंद दोन मुलांकडे द्या, शक्यतो मागच्या बाकावरच्या. पुस्तकं फाटतील या भीतीने ती न देणं म्हणजे फळा झिजेल म्हणून खडू लपवणं. फाटलेल्या पानांसाठी पातळ कागद आणि खळ ठेवा आणि महिन्यातून एकदा मुलांनाच दुरुस्ती करू द्या.

१५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, राज्यात वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी वाचनाच्या महत्त्वावर भाषणं ऐकवण्यापेक्षा पुस्तकं जमिनीवर पसरा आणि मुलांना दोन तास त्यात लोळू द्या. वाटलं तर सहावीची मुलं पहिलीच्या वर्गात पाठवून वाचून दाखवायला लावा.

सोसायटीत किंवा चाळीत वाचनकट्टा

एकट्या मुलाला सवय लागायला वेळ लागतो, चार जण वाचताना दिसले की पाचवा येतो. कमिटीकडे जाताना ‘वाचनालय’ म्हणू नका, जागा कायमची जाईल अशी भीती वाटते. ‘शनिवारी तासभर सतरंजी टाकायची आहे’ एवढंच मागा. तीस-चाळीस पुस्तकं सुरुवातीला पुरतात, घरोघरी विचारलं तर निघतात. पण दान म्हणून आलेली दहावीची गाइडं आणि पिवळे पडलेले ठोकळे नम्रपणे परत करा.

वेळ ठरवताना मुलांना विचारा. क्रिकेटच्या वेळेला कट्टा लावलात तर कुणी येणार नाही, आणि न येणारे बरोबरच असतात. अंधार पडला, बॅट-बॉल आत गेले, की बसा. आधी एक गोष्ट मोठ्याने, मग अर्धा तास ज्याचं त्याचं वाचन, शेवटी घरी न्यायचं पुस्तक. वाचन अजून जमत नसलेल्यांना चित्रांची पुस्तकं द्या आणि कुणी चिडवू लागलं तर तुम्ही स्वतः चित्रांचं पुस्तक घेऊन बसा. दंड ठेवू नका. दंडाच्या भीतीने हरवलेलं पुस्तक परत येत नाहीच, मूलही येत नाही. वर्षाला काही पुस्तकं जातात, ती गेलीच असं धरून चला. परीक्षेच्या आठवड्यात बंद ठेवा, म्हणजे पालक विरोधात जात नाहीत.

महिन्यातून एखादी सहल वाचनाला जोडा. प्राण्यांच्या गोष्टी चालू असतील तर भायखळ्याची राणीची बाग, ग्रहताऱ्यांच्या चालू असतील तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. तिथल्या पाट्या मुलांना वाचू द्या, तुम्ही गाइड होऊ नका. मोबाईलशी भांडण करूच नका, फक्त रात्री वाचनाच्या वेळी सगळ्यांचे फोन, तुमचाही, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा.

मे महिन्यात गावी जाल तेव्हा प्रत्येक मुलाच्या पिशवीत तीन पुस्तकं टाका: दोन त्याने निवडलेली, एक तुम्ही. कोकणातल्या दुपारी वीज गेली की त्यातली दोन संपतात. तिसरं उघडलंच नाही तर न बोलता परत आणा आणि जूनमध्ये वाचनालयात देऊन टाका.